तुझ्या दारावरची ती पाटी

वाचक मैत्रिणीचं पत्र

प्रिय ताई,

मी मूळची कऱ्हाडची, वय ३४. तिथे ज्युनिअर कॉलेजात आठ वर्षं गणित शिकवलं. नवऱ्याची बदली झाली म्हणून चौदा महिन्यांपूर्वी आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टला आलो. मुलगी पाच वर्षांची आहे, ती इथल्या बालवाडीत रमली. नवऱ्याच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं, त्यामुळे त्याचंही बरं चाललंय. अडलंय ते माझंच.

निघताना प्रत्येकाने सांगितलं होतं, "नवे अनुभव घे, जग बघ, सोन्यासारखी संधी आहे." मी घेतले अनुभव. पॅरिस झालं, प्राग झालं, स्वित्झर्लंड दोनदा झालं. चौदा महिन्यांत अकरा शहरं पाहिली. फोटो टाकले की मैत्रिणी लिहितात, "मज्जा आहे बाई तुझी." आणि रविवारी रात्री घरी येऊन बॅग उघडली की मला रडू येतं. सोमवारी दोघं बाहेर पडले की घरात मी आणि भांडी. आईला दिवसातून तीन-तीनदा व्हिडिओ कॉल करते.

जर्मनचा पहिला कोर्स केला, परीक्षाही पास झाले. पण खालच्या मजल्यावरच्या आजी बोलतात त्यातलं अक्षर कळत नाही. मग क्लास सोडला. याच आजींनी एकदा केक खायला बोलावलं होतं. मी संकोचून "नको" म्हटलं, तर पुन्हा कधी विचारलंच नाही. उलट गेल्या महिन्यात दार वाजवून म्हणाल्या, जिन्याचे कोपरे नीट पुसले नाहीत. इथे पाळीपाळीने जिना पुसावा लागतो. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला पाटी अडकवतात. मी वर्गात ऐंशी-ऐंशी मुलांना शिकवलंय, आणि इथे जिन्यावरून ऐकून घ्यावं लागलं. त्या दिवशी खूप रडले.

सप्टेंबरअखेरीस इथल्या मोठ्या जत्रेला गेलो, तर नुसते बिअरचे तंबू. नवऱ्याच्या सहकाऱ्याची बायको सॉनाला, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत बसायला, चल म्हणाली. तिथे कपड्यांशिवाय बसतात हे कळल्यावर मी काहीतरी कारण सांगून टाळलं. नवरा म्हणतो, "तू मोकळी होतच नाहीस, प्रयत्नच करत नाहीस." माझ्यातच काही कमी आहे का? नवे अनुभव मनापासून घ्यायचे म्हणजे नेमकं करायचं काय?

— रोज संगमावर फिरायला जाणारी, आता कुठेच न जाणारी

...

प्रिय मैत्रिणी,

तुझ्यात काही कमी नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण त्या एका वाक्याची वाट बघत तू बाकीचं उत्तर धड वाचणार नाहीस.

आणि तुला 'तू' म्हणते. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. शिवाय तू जिथे राहतेस तिथून आगगाडीने तासाभरावर, ट्युबिंगेनला, मीही चार वर्षं काढली आहेत, १९९० च्या दशकात. तेव्हा घरी फोन करायचा तर मिनिटं मोजावी लागायची आणि पत्राला आठ-दहा दिवस लागायचे. तरी रविवारी रात्री बॅग उघडल्यावर येणारं रडू अगदी हेच होतं. तू ते लिहिलंस आणि मला माझी ती खोली दिसली, खिडकीखालचा हीटर, त्यावर वाळत घातलेले मोजे.

पहिल्या वर्षी मीही तुझ्यासारखीच शहरं मोजली होती. आज त्यातली निम्मी एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या पुलावर कुठला फोटो काढला ते सांगता येत नाही. आठवते ती ट्युबिंगेनच्या चौकातल्या आठवडी बाजारातली एक शेतकरीणबाई. तिच्याकडून मी दर शुक्रवारी बटाटे, कांदे आणि गाजरं घ्यायचे. सुरुवातीला बोट दाखवून, मग एकेका शब्दाने. तीन-चार महिने असे गेले. एकदा तापाने झोपून होते, बाजारात गेले नाही. पुढच्या शुक्रवारी गेले तर पिशवीत कांदे टाकता टाकता ती म्हणाली, "गेल्या शुक्रवारी दिसला नाहीत." बस, एवढंच. तोवर त्या गावात मी असले काय, नसले काय, कुणाचं काही अडत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या नसण्याची नोंद झाली होती. मी घरी चालत आले आणि त्या रात्री खूप दिवसांनी भूक लागून जेवले.

तुला माझं सांगणं एवढंच आहे. तू आली नाहीस तर कुणाच्या तरी लक्षात येईल अशी एक जागा त्या शहरात शोध. बाराव्या शहराचं तिकीट काढू नकोस. तुला 'अनुभव घे' म्हणणाऱ्यांनी सहलीलाच अनुभव म्हटलं, आणि तू गुणी मुलीसारखी त्यांचं ऐकलंस. सहल चांगली असते, मुलीला घेऊन खुशाल जा. पण सहलीत माणूस पाहुणा असतो, आणि तू चौदा महिने पाहुणीच आहेस. पाहुणचार कितीही चांगला असला तरी चौदा महिने पाहुणं राहून कोण थकणार नाही?

माझ्या मते पाहुणेपण संपवायची सुरुवात तुझ्या घरात होऊन गेली आहे, फक्त ती तुला अपमानासारखी लागली. मी त्या पाटीबद्दल बोलते आहे.

'केअरवोखे' म्हणजे झाडलोटीचा आठवडा. तुझ्या स्वाबियन मुलखाची, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या प्रदेशाची, ही इतकी जुनी रीत आहे की, १४९२ साली स्टुटगार्टच्या शहर-नियमांत घराघरातली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकण्याचा हुकूम होता. पुढे त्याचीच जिना, तळघर, फुटपाथ अशी पाळी झाली. हिवाळ्यात बर्फ काढायचं कामही त्यातच आलं. नगरपालिकेची सक्ती १९८८ मध्ये गेली, पण भाडेकरारात आणि लोकांच्या मनात ती पक्की राहिली. दुसऱ्या प्रांतातून आलेल्या जर्मन माणसालाही हे सगळं विचित्र वाटतं. तेव्हा तू परदेशी आहेस म्हणून तुला टोकलं असं धरू नकोस. आजींनी हॅम्बुर्गहून आलेल्या डॉक्टरलाही कोपरे दाखवले असते.

तू शिक्षिका असून जिन्यावरून ऐकून घ्यावं लागलं, हे तुला लागलं. ते मला कळतं. आपल्याकडे जिना पुसण्याच्या कामाला एक पायरी चिकटलेली आहे, आणि आपण कितीही शिकलो तरी ती मनातून जात नाही. पण आपल्याच जुन्या घरांत अंगणात सडा कोण घालायचं? घरची लक्ष्मी. ते हलकं काम आहे असं कुणी म्हणत नसे, कारण अंगण आपलं होतं. स्टुटगार्टचा तो जिना सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून अंगण आहे. हॉटेलातल्या माणसाच्या दाराला कुणी पाळीची पाटी लावत नाही. ती तुझ्या दाराला लागते याचा अर्थ त्या घराच्या हिशेबात तुझं बिऱ्हाड धरलेलं आहे. तू ज्या शहरांचे फोटो टाकलेस त्यातल्या एकानेही तुझ्याकडे इतकी अपेक्षा ठेवलेली नाही.

आता केक.

इथे तुझं आणि आजींचं जे झालं ते माझंही झालं होतं, आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येक मराठी माणसाचं कधी ना कधी झालंय. आपल्याकडे पहिलं 'नको' हे उत्तर नसतं, ती रीत असते. यजमान आग्रह करणार, आपण परत नको म्हणणार, मग तिसऱ्यांदा ताट पुढे येणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. जर्मनीत 'नाइन, डांके', म्हणजे 'नको, धन्यवाद', म्हटलं की विषय संपतो. समोरचा माणूस तुझ्या शब्दाचा मान राखतो म्हणून परत विचारत नाही. मी एका घरी दुपारभर बसून, समोर सफरचंदाचा केक असताना, पोट रिकामं ठेवून परत आले आहे. चूक कुणाचीच नव्हती.

तुझ्या आजींच्या बाजूने एकदा बघ. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या नव्या बाईला बोलावलं, तिने स्पष्ट नाही म्हटलं. त्या समजल्या, हिला आवडत नसेल, हिला एकटं राहायचं असेल. त्यात रागवायचं त्यांना काही दिसलं नाही, आणि पुन्हा विचारून त्रास द्यावा असंही वाटलं नाही. वर्षभर तू त्यांच्या बोलावण्याची वाट बघते आहेस आणि त्या, कदाचित, तुझ्या येण्याची. यातली कोंडी तूच फोडू शकतेस, कारण दोन्हीकडचे नियम आता तुला माहीत आहेत. खाली जाऊन बेल वाजव आणि म्हण, "त्या वेळी मी नाही म्हटलं होतं. आमच्याकडे आधी नाही म्हणायची पद्धत आहे. आता बोलावलंत तर येईन." एवढं जर्मन तुला येतं. परीक्षा पास झालेली आहेस तू.

आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. तू कऱ्हाडची, म्हणजे आख्खा मसूर तुझ्या हातात असणारच. महामार्गावरच्या ढाब्यांवर भाकरीबरोबर मिळतो तो. आता तुला एक गंमत सांगते. स्वाबियन लोकांचं सगळ्यात लाडकं जेवण कुठलं, तर 'लिन्सेन मिट श्पेट्झले', म्हणजे मसूर आणि त्याबरोबर पिठाचे उकडलेले तुकडे. मैदा, अंडी आणि मीठ यांचं सैलसर पीठ भिजवतात, ते लाकडी फळीवर पसरून सुरीने उकळत्या पाण्यात सोडतात. वर आले की काढून घ्यायचे. आणि त्यावर मसुराची दाट आमटी. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला थेट चकोल्या आठवल्या, आपली वरणफळं. डाळीबरोबर शिजवलेलं पीठ पोटभर जेवायचं हे त्यांनाही सुचलं आणि आपल्यालाही. आपण आमटीला चिंच किंवा आमसूल लावतो, ते शेवटी व्हिनेगर घालतात. आंबट हवंच. तू मांस खात नाहीस असं धरून सांगते, बहुतेक ठिकाणी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे आणि सोबत सॉसेज असतं, तेव्हा आधी विचारून घे. घरी करायला मात्र काहीच अडचण नाही. अंडी चालत असतील तर शिक त्यांच्याकडून. स्वयंपाकघरात भाषा कमी पडली तर हात दाखवता येतो.

या मसुराचीही एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. तुझ्या शहराच्या दक्षिणेला जे पठार पसरलंय, श्वेबिश आल्ब, तिथे पूर्वी मसूर पिकायचा. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो परवडेना, शेतं बंद झाली आणि तिथलं जुनं वाणही हरवलं. पुढे काही शेतकऱ्यांनी पुन्हा मसूर लावायला घेतला, पण बी होतं बाहेरचं. हरवलेलं वाण शेवटी २००६ साली सापडलं ते रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाव्हिलोव संस्थेच्या बियाणे संग्रहात. तिथून मूठभर बी परत आलं, वाढवलं गेलं, आणि आज त्या पठारावर तो मसूर परत पिकतो. बाजारात 'आल्ब-लाइझा' नावाने मिळतो. महाग असतो, पण एकदा आण. आजींशी बोलायला विषय मिळेल. ही गोष्ट त्यांच्या अभिमानाची आहे.

आजींची बोली कळत नाही म्हणून तू क्लास सोडलास, हे मात्र मला पटलं नाही. गणिताचा एक धडा अडला म्हणून तू विद्यार्थ्याला पुस्तक मिटू दिलं असतंस का? आजी बोलतात ती स्वाबियन बोली. ती क्लासात कुणी शिकवत नाही आणि बर्लिनच्या माणसालाही ती पटकन कळत नाही. पुस्तकातलं मराठी शिकून आलेल्या माणसाला कऱ्हाडच्या एस. टी. स्टँडवर उभं कर, त्याला किती कळेल? आणि सातारी-कऱ्हाडी बोलण्यावरून पुण्यात कुणी हसलं की कसं वाटतं हे तुला माहीत असेल. स्वाबियन माणसालाही बाकीचे जर्मन असेच हसतात. म्हणून तू त्यांच्या बोलीतला एखादा शब्द उचललास तर त्यांना फार बरं वाटतं. ते प्रत्येक लहान, लाडक्या गोष्टीला 'ले' लावतात. 'हाउस' म्हणजे घर, त्याचं 'हॉइस्ले', घरटंच म्हण ना. थोडंसं म्हणजे 'बिस्ले'. कुणी विचारलं जर्मन येतं का, तर म्हण, "अ बिस्ले." समोरचा हसेल, आणि पुढचं वाक्य हळू बोलेल.

शिवाय मराठी असण्याचा जर्मन शिकताना फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. इंग्रजीवाल्यांना तीन लिंगं म्हणजे डोकेदुखी. आपल्याला तो-ती-ते अंगवळणी आहे. सूर्य त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी, हे पाठ करावं लागतं. पण मुलीला नपुंसकलिंग लावतात याचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही, आपणही लेकरू, पोरगं म्हणतोच. आणि आकडे! एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो, मग वीस. जर्मनही 'एक-आणि-वीस' असंच म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा वाद झाला होता, तू तर शिक्षिका, तुला आठवत असेल. ज्या क्रमावर इतर देशांतले लोक अडखळतात तो तुझ्या जिभेवर लहानपणापासून आहे.

आकड्यांवरून मुद्द्यावर येते. तू गणिताची शिक्षिका आहेस ही गोष्ट तुझ्या पत्रात भूतकाळात आहे. 'शिकवलं', 'शिकवलंय'. मला वाटतं तुझं रडू निम्मं तिथलं आहे. देश सुटला त्याआधी वर्ग सुटला. पगाराची शिक्षकाची नोकरी तिथे मिळवायची तर पदवीची मान्यता, भाषेची वरची पातळी हे सगळं लागतं, वेळ लागतो. ते बघच, पण त्यासाठी थांबू नकोस. जर्मनीत शाळेनंतर मुलांना गृहपाठात मदत करणारे गट ठिकठिकाणी असतात, वाचनालयांत, चर्चच्या सभागृहांत, वस्तीतल्या केंद्रांत. त्यांना स्वयंसेवक हवेच असतात, त्यातही गणिताला. तुझं जर्मन तोडकं आहे म्हणून संकोच करू नकोस. तिथे येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरीही जर्मन बोलत नाहीत. तिथल्या लेखनाच्या काही सवयी आधी बघून घे. दशांश चिन्हाच्या जागी ते स्वल्पविराम देतात, हजारांसाठी टिंब, गुणाकाराला मध्ये टिंब, भागाकाराला दोन टिंबं, आणि साताच्या पोटावर आडवी रेघ. पहिल्या दिवशी दहा वर्षांचं एखादं पोर तुझी चूक काढेल. काढू दे. तुला वर्षभरात शिकवलेलं सगळ्यात चांगलं जर्मन त्याच्याकडून मिळेल.

आठवड्यातून एक दुपार. एकच ठिकाण. वर्षभर. मी तुझ्यासाठी हीच जागा निवडली असती. दुसरी कुठली भावली तर तीही चालेल. गाण्याचा गट असेल, बागकाम असेल, फोल्क्सहोखशूलेतला शिवणाचा वर्ग असेल. ही लोकशिक्षणाची केंद्रं पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव निघाली आणि आजही रास्त फीमध्ये भाषेपासून पोहण्यापर्यंत काय वाटेल ते शिकवतात. सात माणसं जमली की जर्मन लोक नोंदणीकृत संस्था काढतात, त्यामुळे तुझ्या वस्तीत कसली ना कसली मंडळी दर आठवड्याला जमत असणारच. फक्त तीन वेळा जाऊन सोडू नकोस. जर्मन माणूस सुरुवातीला अंतर ठेवतो. चौथ्या-पाचव्या वेळी तो तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवतो.

हा रस्ता उलट्या दिशेने चाललेला एक माणूस मला इथे आठवतो. तुझ्याच राज्यातल्या हायडेलबर्ग विद्यापीठातले प्राध्यापक गुंथर सोन्थायमर. १९९२ साली ते गेले. या जर्मन माणसाने जेजुरीच्या खंडोबाचा आणि धनगरांच्या ओव्यांचा अभ्यास केला. तो ग्रंथालयात बसून झाला नाही. वर्षानुवर्षं ते महाराष्ट्रात येत राहिले, त्याच देवस्थानांना, त्याच धनगरवाड्यांवर, वाघ्या-मुरळींच्या आणि मेंढपाळांच्या सोबत. आपल्या लोकांनी ज्याच्याकडे पाठ फिरवली होती ते त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना भारतात बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं का? ताजमहाल होता, काशी होती. ते जेजुरीला परत परत गेले, आणि आज आपले अभ्यासक त्यांचं नाव आपल्या माणसाचं घ्यावं तसं घेतात.

सॉनाचं थोडक्यात सांगते. जाऊ नकोस. तिथल्या लोकांच्या दृष्टीने त्यात काही वावगं नाही, आणि तुला ते जमत नाही यातही काही वावगं नाही. नवं ते सगळं अंगावर घेतलंच पाहिजे असं कुणी ठरवलं? बिअर नको असेल तर नको, मांस नको तर नको. फक्त खोटं कारण देऊ नकोस. "हे मला जमणार नाही, पण तुझ्याबरोबर वेळ घालवायला आवडेल," असं सरळ सांग. सरळ बोलणं तिथे उद्धटपणा मानत नाहीत. आणि लगेच पुढची वाट दाखव. तुझ्याच शहरातल्या बाड कानश्टाट भागात जमिनीतून नैसर्गिक खनिज पाण्याचे झरे येतात, एवढं पाणी युरोपात बुडापेस्ट सोडलं तर क्वचितच कुठे आहे. तिथल्या तलावांत पोहण्याचा पोशाख घालूनच उतरतात. तिला म्हण, सॉना नको, पोहायला जाऊ. पोहता येत नसेल तर कृष्णाकाठची असून येत नाही म्हणून सांग आणि शिकून घे.

जत्रेबद्दल मात्र तुझ्याशी थोडं भांडते. बिअरच्या तंबूंच्या मध्ये एक उंच खांब उभा असतो, फळांनी, भाज्यांनी, धान्याच्या कणसांनी मढवलेला, तो पाहिलास का? १८१५ साली इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आकाशात इतकी पसरली की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं कुजली, या भागात लोक उपाशी मेले, कितीक कुटुंबं देश सोडून गेली. त्यातून सावरल्यावर १८१८ मध्ये राजा विल्हेल्म आणि राणी काथारीना यांनी शेतकऱ्यांसाठी ही जत्रा सुरू केली, पिकं आणि जनावरं दाखवायला, चांगल्याला बक्षीस द्यायला. कऱ्हाडला नोव्हेंबरात कृषी प्रदर्शन भरतं, तू लहानपणी वडिलांचं बोट धरून गेली असशील. ही त्याच जातीची गोष्ट आहे. पुढच्या वर्षी एखाद्या साध्या दिवशी दुपारी जा, मुलीला तो खांब दाखव आणि तिला दुष्काळ म्हणजे काय ते सांग. सातारा जिल्ह्यातल्या बाईइतकं ते कोण समजावून सांगेल?

तुझ्या नवऱ्यासाठीही चार ओळी लिहिते, त्याला वाचायला दे. भल्या माणसा, "प्रयत्न करत नाहीस" हे वाक्य पुन्हा उच्चारू नकोस. तू रोज सकाळी तयार जगात जातोस. तिथे तुझं टेबल आहे, तुझं नाव आहे, तुझी भाषा चालते. तिला ते सगळं शून्यातून उभारायचं आहे, तेही मुलीला शाळेत सोडून-आणून, स्वयंपाक करून उरलेल्या वेळात. तेव्हा एक कर. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तू वेळेवर घरी ये आणि मुलगी तुझ्याकडे, म्हणजे तिला भाषेचा वर्ग परत धरता येईल. बाहेरून आलेल्यांसाठी तिथे जो एकात्मता-अभ्यासक्रम असतो त्यात भाषेच्या ६०० तासिका आणि देशाची ओळख करून देणाऱ्या १०० तासिका असतात. त्या अधूनमधून जाऊन होत नाहीत, घरातल्या दोघांनी मिळून कराव्या लागतात. आणि केअरवोखे दोघांची आहे. एका पाळीला झाडू तू घे. जिन्यात तू दिसलास की आजीही तुला ओळखू लागतील.

आईचे फोन बंद कर असं मी सांगणार नाही. पण तिन्ही फोन एकाच रडण्याचे असतील तर इकडे आईही रात्री झोपत नसेल. आता हिवाळ्यात तुमच्यात साडेचार तासांचं अंतर असतं. सकाळी मुलीला सोडून आल्यावर एकदा निवांत बोल, तेव्हा इकडे दुपारची जेवणं झालेली असतात. आणि तिला काहीतरी सांगायला ने. श्पेट्झले कसे पाडतात ते सांगितलंस तर ती लगेच म्हणेल, अगं हे तर आपल्या शेवयांसारखं. मग अर्धा तास तुम्ही पिठावर बोलाल, आणि तेवढा वेळ दोघींनाही बरं वाटेल.

एक गोष्ट गंभीरपणे. डिसेंबरात तिथे साडेचारला सूर्य मावळतो आणि सकाळी आठनंतर उगवतो. आपल्या अंगाला त्या अंधाराची सवय नसते. दुपारी उजेड असेल तेव्हा रोज तासभर बाहेर चाल, ढग असले तरी. तुझ्या शहरात डोंगरउतारावर चारशेहून अधिक जुने पायऱ्यांचे रस्ते आहेत, पूर्वीच्या द्राक्षमळ्यांतले, त्यांना 'श्टेफेले' म्हणतात. रोज एक नवा चढ आणि वर पोचलीस की खाली शहर बघ. पण झोप उडाली, जेवण सुटलं, सकाळी उठावंसंच वाटत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर चालण्यावर भागवू नकोस. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि जसं मला लिहिलंस तसं त्यांना सांग. वेळ घेताना विचार, स्टुटगार्टात इंग्रजी बोलणारे डॉक्टर मिळतात. यात लाज कसली? दात दुखला तर गेली असतीसच ना.

मराठी मंडळाचा तू उल्लेख केला नाहीस, म्हणून मीही त्यावर फार लिहीत नाही. गणपतीला जा, मोदक खा, आपल्या भाषेत पोटभर बोलून ये. मुलीसाठीही ते हवं. फक्त तेवढंच जग करू नकोस.

आता या आठवड्याचं काम. मसूर घरात असेल तर रात्री भिजत घाल, नेहमीपेक्षा वाटीभर जास्त. तिखट बेताने टाक, पण अगदी मिळमिळीत करू नकोस, आपली चव त्यांना कळली पाहिजे. छोट्या पातेल्यात काढ, वर कोथिंबीर, सोबत एक भाकरी. मुलीला बरोबर घे. मुलं बालवाडीतून बोली पटकन उचलतात, आजींचं बोलणं तिला तुझ्याआधी कळेल. दार उघडलं की नमस्कार म्हणून 'ग्र्यूस गॉट' म्हण, तिकडे तसंच म्हणतात. मग केकचं वाक्य. आणि त्यानंतर जिन्याचे कोपरे कसे पुसतात ते त्यांनाच दाखवायला सांग.

पातेलं परत येईल तेव्हा त्यात काय होतं ते मला नक्की लिहून कळव.

तुझी,
ताई